साहेबांनी न प्यायलेलं पाणी

साहेबांनी त्या बाईच्या हातचं पाणी प्यायलं नव्हतं. ते प्यायले असं मी लिहिलं. साहेबांच्या संस्थेच्या शाळांमध्ये दर जयंतीला मुलं तो प्रसंग तोंडपाठ म्हणतात, म्हणताना पेला ओठाला लावल्याचा अभिनय करतात, आणि समोर बसलेले पालक डोळे पुसतात. ज्यांना खरं ठाऊक होतं त्यातली बहुतेक माणसं गेली. मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. आता सांगितलं नाही तर सांगायला कोणी उरणार नाही.

साहेब आमच्या अमरावतीकडचे मोठे पुढारी. आधी आमदार, मग काही वर्षं मंत्री. संत्रा बागायतदारांची सोसायटी त्यांनी उभी केली. चांदूर बाजारपासून मूर्तिजापूरपर्यंत शाळा आणि वसतिगृहं काढली. त्यांच्याच शाळेत मी जवळजवळ सबंध नोकरी केली, त्यामुळे त्यांच्या कामाला नावं ठेवण्याचा मला हक्क नाही आणि ठेवायचीही नाहीत. सभेत शेवटच्या रांगेतल्या माणसाला ते बापाच्या नावासकट ओळखत. कुणाच्या पोराची फी थकली तर मुख्याध्यापकाला झापत. पण माणूस भित्रा होता. तुरुंगाला, लाठीला, निवडणूक हरण्याला ते भीत नसत. आजाराला भीत. कुणाला दवाखान्यात भेटायला गेले तर दारातच उभे राहत, नाकाला रुमाल लावून, आणि बाहेर आल्यावर कोपरापर्यंत हात धूत. हे त्यांच्या जवळच्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्यावर जेवढं छापून आलं त्यात ते कुठेही नाही. बरंचसं मीच छापून आणलं, म्हणून खात्रीने सांगतो.

माझं गाव चांदूर बाजाराजवळचं. आम्ही माळी. वांगी, कोबी, आणि दसरा-दिवाळीला झेंडू. मी नुकताच गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर झालो होतो तेव्हा पटकीची साथ आली. गावात एका खोलीचा सरकारी दवाखाना होता आणि त्यात एक नर्सबाई. मूर्तिजापूरकडची, पंचविशीची, विधवा. दोन-तीन वर्षांची मुलगी तिने अकोल्याला आपल्या आईकडे ठेवली होती. तिच्या माहेरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला होता आणि हे गावात पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टर तालुक्याहून आठवड्यातून दोनदा यायचे. साथ पसरली तेव्हा ते तालुक्यातच अडकले.

सलाइनच्या बाटल्या दुसऱ्या दिवशी संपल्या. तेव्हा बाईने दवाखान्यामागे तीन दगड मांडून मोठ्या गंजात पाणी उकळायला ठेवलं, त्यात मीठ आणि गूळ घातला, आणि ते घेऊन ती घरोघर निघाली. लोकांनी दारं लावली नाहीत. तिच्याकडून सुई टोचून घ्यायला कुणाची हरकत नव्हती, लोक दंड पुढे करत. पाणी मात्र नको होतं. माणूस अंथरुणात सुकत चाललेला आणि घरचे म्हणत, बाई, सुई असेल तं द्या.

माझी आई तिसऱ्या दिवशी पडली. बाईने पेला पुढे केला तर आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. तेवढी ताकद तिच्यात होती. बाईने मला बाहेर बोलावलं.

"मास्तर, घरचा गडवा आना."

"माय घेत नाही, बाई."

"माह्या हातचं घेत नाही. तुमच्या हातचं घेईन ना? आपल्या विहिरीचं हाये म्हना. लवकर करा, तिचे डोये आत गेले."

मी घरचा तांब्याचा गडवा आणला. तिने वरून धार धरून त्यात ओतलं, गडव्याला हात न लावता. माझ्या घराचा गडवा विटाळू नये याची काळजी तीच घेत होती. मी आत गेलो आणि आईला सांगितलं, आपल्या विहिरीचं आहे, गूळ टाकला. ती प्यायली. रात्रभर घोट घोट पाजत राहिलो. सकाळी तिने मला नावाने हाक मारली.

पुढचे अकरा दिवस बाईने सगळ्या गावात तेच केलं. घरचा गडवा, घरचंच माणूस, पाणी तिचं. ती बाहेर भिंतीला टेकून दगडावर बसायची आणि आत विचारायची, "किती पेली?" आतून उत्तर यायचं. काही माणसं गेली. बहुतेक गाव वाचलं. आणि वाचलेल्या प्रत्येकाने आपण घरच्या माणसाच्या हातचं, घरच्या विहिरीचं पाणी प्यायलो असंच मानलं. माझी आई पुढे तीस वर्षं जगली. मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

साहेब चौथ्या दिवशी आले. जीप वेशीवर थांबली. इंजिन बंद केलं नाही. साहेब खाली उतरले नाहीत. रुमाल नाकावर. सलाइनच्या दोन पेट्या त्यांनी आणल्या होत्या आणि त्या उपयोगी पडल्या, हे सांगितलंच पाहिजे. बाई धावत गेली, आणखी पेट्या पाहिजेत म्हणाली. ते रुमालाआडून म्हणाले, "बाई, तुमचं काम फार मोठं आहे." शेजारच्या माणसाने थर्मासमधून त्यांना चहा ओतून दिला. दहा मिनिटांत जीप वळली. मी पाच पावलांवर उभा होतो.

त्यानंतर वीस वर्षांनी साहेबांची साठी आली आणि गौरवग्रंथ काढायचं ठरलं. तोवर मी अमरावतीत, संस्थेच्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो. संपादक म्हणून माझी नेमणूक झाली. त्याच साली मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती. या दोन गोष्टींचा संबंध नाही असं मी तेव्हा बायकोला सांगितलं होतं.

गौरवग्रंथ कसे निघतात हे बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसतं. आठवणी द्यायच्या असतात शेतकऱ्याने, जुन्या कार्यकर्त्याने, वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीने. ते बोलतात चांगलं, पण लिहून देत नाहीत. मग संपादक त्यांच्याकडे जातो, ऐकतो, टिपतो, आणि घरी येऊन लिहितो. पक्का मजकूर घेऊन पुन्हा सहीसाठी जायचं म्हणजे पुन्हा एसटी, पुन्हा रजा. म्हणून माझी पद्धत अशी होती की पहिल्याच भेटीत फुलस्केपच्या कोऱ्या कागदावर, तळाशी, सही घ्यायची. वर मजकूर नंतर. चाळीसेक लोकांनी मला अशा सह्या दिल्या. कुणी का म्हणून विचारलं नाही. मास्तरने मागितली, दिली.

बाई तेव्हा मूर्तिजापूरच्या दवाखान्यात मोठ्या सिस्टर झाल्या होत्या. केस पांढरे, चष्मा. मला ओळखलं, आईची चौकशी केली.

"गुयाचं पानी पेते का आता?" असं विचारून हसल्या.

मी वही काढली. साहेबांबद्दल काही सांगा म्हटलं.

"साहेबाबद्दल मी काय सांगू? एकडाव दिसले होते जीपमंधी. थे तं तुमीबी पाह्यलं."

"तेच सांगा. साथीचं."

"सांगते मंग. पन मास्तर, जीपमधून उतरले नव्हते हे लिहसान का?"

"बघू."

"बघू म्हंजे नाई," त्या म्हणाल्या. पण सांगितलं सगळं. गंज, गूळ, गडवे, भिंतीबाहेरचा दगड. एका घरी सासू मेल्यावर सुनेने आपण होऊन बाईंच्या हातून पेला घेतला आणि त्यांच्यासमोर रिकामा केला, हेही. ते मला माहीत नव्हतं. "तवा मले रडू आलं," त्या म्हणाल्या, "अकरा दिवसात एकडाव." मी सगळं उतरवलं. निघताना कोरा कागद पुढे केला. त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली. व्यवस्थित, पूर्ण नावाने, जशी रजिस्टरात करत असतील तशी.

घरी येऊन मी लिहिलं. बाकीच्या आठवणींत सगळीकडे दूरदृष्टी आणि तळमळ एवढेच दोन शब्द होते. ग्रंथात माणूस दिसत नव्हता. मला एक प्रसंग पाहिजे होता. त्या सुनेने घेतलेला पेला मी साहेबांच्या हातात दिला. साथीच्या गावात साहेब जीपमधून उतरतात, लोक बाईच्या हातचं पाणी घेत नाहीत हे पाहतात, सगळ्या गावासमोर तिच्या हातचा पेला घटाघट पितात, आणि मग गाव पाणी पितं. मी ते बाईंच्या तोंडून, 'मी'ने लिहिलं, शुद्ध मराठीत. एकही ओळ खोडावी लागली नाही. वर मथळा घातला, 'एक पेला पाणी'. खाली सही होतीच.

मी पुढच्या जूनमध्ये मुख्याध्यापक झालो.

साहेबांनी ग्रंथ वाचला आणि मला बंगल्यावर बोलावलं. ते पान उघडं होतं. "मास्तर," ते म्हणाले, "मी प्यायलो होतो का हो?"

मी म्हणालो, "बाईंनी तसं सांगितलं."

ते थोडा वेळ पानाकडे पाहत राहिले. "असेल," म्हणाले. "इतक्या गावांत गेलो." त्या क्षणी मी नाही म्हणालो असतो तर त्यांनी ते पान काढायला लावलं असतं असं मला आजही वाटतं. त्यांच्यात तेवढा खरेपणा होता. तो मी वापरू दिला नाही.

वर्षभरात ते तो प्रसंग स्वतः भाषणांत सांगू लागले. आधी 'म्हणतात' असं म्हणून. मग 'म्हणतात' गेलं. मग त्यात पितळी पेला आला, पाण्याचा कोमटपणा आला, समोर रडणारी एक म्हातारी आली. अखेरच्या आजारात मी भेटायला गेलो तेव्हा दवाखान्याच्या खाटेवर पडून त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मास्तर, त्या पाण्याची चव अजून जिभेवर आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. आयुष्यात जे धैर्य त्यांना झालं नाही ते आपल्याला झालं होतं अशी त्यांची खात्री पटली होती. लोकांनी त्यांना मोठं केलं त्यात काही ठिकाणी त्यांचं काम होतं आणि काही ठिकाणी आमच्यासारख्यांचं.

बाईंना ग्रंथाची प्रत पोस्टाने गेली होती. महिन्याभराने त्या शाळेत आल्या, मधल्या सुट्टीत. माझ्या केबिनमध्ये बसल्या नाहीत.

"मास्तर, हे मी कवा सांगतलं?"

"बाई, गौरवग्रंथात असंच लिहावं लागतं. तुमचा मान वाढला त्यात."

"माहा मान?" त्यांनी बोटाने सही दाखवली. "खाली हे माहं नाव हाये. वरचं कोनाचं हाये?"

मी शिपायाला चहा सांगितला. त्या म्हणाल्या, "चहा नको. तुमच्या मायले मी पाजलं थे तरी खरं हाये ना, का थेबी साहेबानंच पाजलं?" आणि गेल्या. तक्रार केली नाही, वर्तमानपत्राला पत्र लिहिलं नाही. मी सुटलो असं मला वाटलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो, आणि पांढरी साडी नेसून 'एक पेला पाणी' म्हणणाऱ्या मुलींना पहिला नंबर दिला. एकीला म्हटलं होतं, उच्चार छान आहेत, भावना थोडी कमी पडते.

यंदा साहेबांची जन्मशताब्दी. ग्रंथाची नवी आवृत्ती काढायची म्हणून संस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे साहेबांच्या नातवाने, मला बोलावलं. प्रस्तावना लिहा म्हणाले. मी म्हटलं, लिहितो, पण 'एक पेला पाणी' तेवढा काढून टाका. तो खोटा आहे, मी रचलेला आहे.

अध्यक्ष चांगला मुलगा आहे. त्याने मला पाणी दिलं, पंखा वाढवला. "सर, तुम्ही थकले आहात. मूळ कागद आपल्या स्मृतिदालनात काचेत लावलेला आहे. बाईंची सही आहे त्यावर."

"सही खरी आहे. मजकूर माझा आहे."

"ते कसं ठरवायचं, सर? उद्या कोणीही येऊन म्हणेल." मग जरा विचार करून म्हणाला, "त्यांच्या वारसाने लेखी हरकत दिली तर कमिटीसमोर ठेवतो."

बाई काही वर्षांपूर्वी वारल्या होत्या. मुलगी अकोल्यात असते, तहसील कचेरीतून निवृत्त. पत्ता मिळवला आणि बडनेऱ्याहून गाडीने गेलो. माझी कल्पना अशी होती की मी कबूल करीन, ती चिडेल, मग अर्ज लिहून देईल, आणि बाईंचं नाव त्या खोट्यातून मोकळं होईल.

साठी ओलांडलेली बाई, आईसारखाच चष्मा. मी कोण ते सांगताच म्हणाली, "हो, ते पुस्तकवाले सर." खुर्ची दिली. मी सांगत गेलो, ती ऐकत गेली.

"म्हणजे आईने ते लिहिलंच नाही?"

"नाही."

"आणि सही?"

"कोऱ्या कागदावर घेतली होती."

ती उठून आत गेली. नळ चालू झाल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. परत येऊन उभीच राहिली.

"मी तेव्हा कॉलेजात होते. आम्ही पोरंपोरी नामांतराचे मोर्चे काढत होतो, आणि माझ्या आईने हे लिहिलं म्हणून वस्तीतले लोक मला विचारत होते, काय वं, तुही माय साहेबाची कवा झाली? मी घरी येऊन तिला विचारलं. माय, तुनं हे लिहिलं? ती म्हणाली, सही माहीच हाये. एवढंच. पुढे कधीच काही नाही."

"त्यांना लाज वाटली असेल. शिकलेल्या असून कोऱ्या कागदावर..."

"त्यांना म्हणू नका," ती म्हणाली. "आता तिला मान देऊ नका तुम्ही."

ती आता समोरच्या खुर्चीवर बसली.

"माझ्या लग्नात, पाहुण्यांसमोर, तिने मला पाण्याचा पेला दिला. मी म्हणाले, नको, साहेबाले दे. सगळे हसले. तीही हसली. बत्तीस वर्षं मी तिला हे ना ते असं बोलत राहिले. ती दवाखान्यात शेवटची होती तेव्हासुद्धा." तिने चष्मा काढला. "ती होती तवा अकोला लय दूर होतं का हो तुमाले?"

बडनेऱ्याहून दीड-दोन तास.

"तुमी आता हलके झाले," ती म्हणाली. "मी काय करू याचं?"

मी माफी मागायला सुरुवात केली. तिने हाताने थांबवलं. टेबलावरून कागद ओढला आणि माझ्यासमोर लिहिलं: या लेखाखालील माझ्या आईचे नाव व सही काढून टाकावी. वाचून दाखवलं.

"लेख काढा असं नाही लिहिलं तुम्ही," मी म्हणालो.

"तो तुमचा आहे. तुमचं नाव टाका. खोटं कोणी लिहिलं ते तरी दिसू द्या."

मला ते पटलं. अर्ज घेऊन अमरावतीला आलो. अध्यक्षांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे तर सोपं आहे, सर. मला वाटलं लेख काढा म्हणतील." प्रस्तावनेत मी सगळी हकीकत दोन पानं लिहून दिली होती. जागेअभावी ती वगळली. मी भांडलो, कमिटीपुढे गेलो, पुन्हा गेलो. एक तरुण सभासद दुसऱ्याला हळूच म्हणाला, सरांना आता आपल्या नावाची हौस आली. मला ऐकू येतं हे त्याला ठाऊक नसावं.

नवी आवृत्ती निघाली. 'एक पेला पाणी' माझ्या नावाने आहे. प्रसंग तोच, साहेब तेच, पेला तोच. लेखक बदलला म्हणून कुणीतरी 'मी' काढून तिथे 'एक परिचारिका' घातलं आहे. जुन्या आवृत्तीत बाईंचं नाव निदान छापलेलं होतं. या आवृत्तीत त्या गावात त्या आल्याच नव्हत्या. स्मृतिदालनातला सहीचा कागदही काढून तिथे साहेबांचा फोटो लावला आहे, म्हणजे मुलीचा अर्ज पूर्णपणे मानला गेला. जयंतीला एका मुलाने लेख म्हटला आणि सूत्रसंचालकाने मला व्यासपीठावर बोलावून शाल दिली. मी माइकवर खरं सांगायला लागलो. दोन वाक्यांनंतर टाळ्या सुरू झाल्या, कारण मुलांना वाटलं मी आभार मानतो आहे.

मी अकोल्याला फोन केला. काय झालं ते सांगितलं, आणि म्हटलं, मी आता सगळं खरं लिहून काढतो, दुसरीकडे छापायला देतो, तुमच्या आईच्या पूर्ण नावासकट.

ती म्हणाली, "लिहा. तुमची आई कशी वाचली थे लिहा, साहेब कसे उतरले नाही थे लिहा. पण तिचं नाव लिहू नका."

"का? त्यासाठीच तर लिहितो आहे."

"एकदा लिहिलं तुमी तिच्या नावावर. तुमच्या हातचं तिचं नाव मले नाही पाहिजे."

म्हणून इथे ते नाही. गावच्या दवाखान्याच्या त्या वर्षाच्या रजिस्टरात असेल, रजिस्टर कुणी ठेवलं असेल तर.